मदत हवी आहे: पीएसएमए पेट स्कॅनमध्ये बरगडीवर एकच ठिपका, पसरलंय असं समजायचं का?

नमस्कार. वडिलांसाठी विचारतेय, वय ७१, शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १६ निघाला, मग एमआरआय, मग बायोप्सी, प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा बायोप्सीतला आकडा) ४+३. डॉक्टर म्हणत होते आटोक्यातलं आहे, ऑपरेशन किंवा रेडिएशन काहीही करता येईल, फक्त आधी कुठे पसरलंय का ते बघायला पीएसएमए पेट करून घ्या. सांगलीहून पुण्याला जाऊन करून आणला.

प्रोस्टेटमधली गाठ ठळक दिसतेय, एसयूव्ही (ती जागा किती चमकतेय त्याचा आकडा) १८, लिम्फ नोड्स क्लिअर, पण शेवटी एक ओळ आहे की डाव्या सातव्या बरगडीत बारीकसा अपटेक (म्हणजे चमकणारा ठिपका), एसयूव्ही ३.९, सीटीवर तिथे काही दिसत नाही, नक्की सांगता येत नाही. या एका ओळीने सगळं फिरलंय. एक डॉक्टर म्हणतात हाडात गेलंय, ऑपरेशनचं विसरा, हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू करू. दुसऱ्यांना दाखवलं तर ते म्हणाले एवढ्याशा ठिपक्यावरून पेशंटला चौथ्या स्टेजला नेऊन बसवू नका. आम्ही कुणाचं ऐकायचं? अण्णा काहीच बोलत नाहीत, फाइल उशाशी घेऊन झोपतात, आणि आई सारखी विचारते, हाडात म्हणजे नक्की काय गं.

कुणाच्या घरी असा बरगडीवर एकच ठिपका आला होता का, पुढे काय निघालं? हाडाची बायोप्सी या वयात झेपते का? साधा बोन स्कॅन केला तर उलगडा होईल का?

प्रतिसाद:
ताई, मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान मी सांगणार नाही. पण रिपोर्टमध्ये वरच स्कॅनसाठी कुठलं किरणोत्सर्गी औषध टोचलं ते लिहिलेलं असतं, गॅलियम ६८ की एफ १८, आणि एफ १८ असेल तर पुढे काय आकडा आहे ते बघा. शिवाय वडील कधी पडले होते का?

धागाकर्ती:
एफ १८ पीएसएमए-१००७ लिहिलंय. आणि हो! आईला विचारलं तर म्हणाली गेल्या पावसाळ्यात बांधावरून घसरून डाव्या कुशीवर पडले होते, कितीतरी दिवस खोकला आला की कळ यायची, एक्स-रे काढलाच नाही.

प्रतिसाद:
मग हे दोन्ही डॉक्टरांना आवर्जून सांगा. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींवरचं प्रथिन, कॅन्सरच्या पेशींवर ते खूप जास्त असतं, औषध त्याला जाऊन चिकटतं म्हणून गाठ चमकते. पण लाळग्रंथी, किडनी, लिव्हर पण चमकतात आणि भरत आलेलं फ्रॅक्चरही चमकू शकतं. त्यात १००७ लघवीतून कमी आणि पित्तातून जास्त बाहेर पडतं, त्यामुळे मूत्राशयाच्या आजूबाजूचं छान दिसतं, पण हाडात, खास करून बरगड्यांत, फसवे ठिपके त्यावर जास्त येतात. म्हणजे तुमचा ठिपका कॅन्सरचा नाहीच असं नव्हे, फक्त तेवढ्यावर निकाल लावू नये.

बोन स्कॅनची फार आशा धरू नका. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३०२ पेशंटच्या ट्रायलचे आकडे आले, त्यात पीएसएमए पेटची अचूकता ९२ टक्के आणि सीटी अधिक बोन स्कॅनची ६५ टक्के, आणि जुना मार तर बोन स्कॅनमध्येही दिसतोच. त्या बरगडीचा बारीक स्लाइसचा सीटी किंवा एमआरआय, नाहीतर बायोप्सी, काय योग्य ते विचारा, केस ट्यूमर बोर्डापुढे (सगळ्या कॅन्सर तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे) ठेवायला सांगा. आणि हे हॉर्मोन सुरू व्हायच्या आधी, कारण नंतर पीएसए उतरतो, ठिपकाही फिका पडू शकतो, मग तो कशाचा होता ते कळणं अवघड. टाटा मेमोरियलची नव्या म्हणून ऑनलाइन सेकंड ओपिनियनची सोय आहे, तिथेही विचारता येईल. स्कॅनची सीडी घेऊन ठेवा, नुसता कागद पुरत नाही.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, हे कुणीच एवढं समजावून सांगितलं नव्हतं. अजून एक, स्कॅन झाल्यापासून अण्णा माझ्या लहान मुलाला जवळच घेत नाहीत, किरणं लागतील म्हणतात.

प्रतिसाद:
एफ १८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अंगात जवळपास काहीच उरत नाही. खुशाल घेऊ द्या.

धागाकर्ती:
लगेच सांगते त्यांना. सीडी आजच मागवते. आणि सांगली-कोल्हापूरकडे कुणी बरगडीची बायोप्सी करून घेतली असेल तर प्लीज लिहा, किती त्रास झाला, ॲडमिट व्हावं लागलं का, अण्णांना आधी सांगून ठेवता येईल.