वर्ष झालं थाळ्या वाजवून! तुमच्या घरातला सगळ्यात अचाट कोरोना-नियम कोणता?

कल्याण_स्लो:
मंडळी, आज २२ मार्च २०२१, जनता कर्फ्यूला बरोब्बर वर्ष. गेल्या वर्षी संध्याकाळी पाचला सासूबाईंनी गॅलरीत पितळी परात बत्त्याने एवढी बडवली की तिला बुडाशी पोचा आला, अजून कणीक मळायला घेतली की परात स्वतःभोवती गोल फिरते.
तर विचारायचं होतं की तुमच्या घरात कोणते नियम निघाले आणि त्यातले अजून कुठले चालू आहेत? आमच्याकडे दुधाच्या पिशव्या साबणाने, भाज्या खायच्या सोड्यात, आणि सासरे नोटांना इस्त्री करायचे. पहिल्या आठवड्यात दहाची नोट चिकटली इस्त्रीला, तेव्हापासून मध्ये रुमाल घालतात पण इस्त्री सोडत नाहीत. लोकल १ फेब्रुवारीपासून सगळ्यांना सुरू झाली खरी, पण सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. नवऱ्याचं ऑफिस दहाला. म्हणून अजून घरीच आहे, आणि भांड्यांना साबण किती घ्यायचा ते मला शिकवतोय.

पेठेतला_जावई:
राज्यातले पहिले पेशंट ९ मार्चला आमच्या पुण्यातच सापडले, त्यामुळे या विषयावर आधी आम्हीच बोलणार 😄
घरापेक्षा सोसायटीचे नियम भारी होते. लिफ्टमध्ये थर्माकोल, त्यात टूथपिक खोचलेल्या, एक काढायची, बटण दाबायचं, डब्यात टाकायची. आठवडाभरात टूथपिक गायब, मग नोटीस लागली की "टूथपिक दात कोरण्यासाठी नाहीत". सेक्रेटरींना जन्मात एवढी सत्ता मिळाली नव्हती. वॉचमन मनगटावर ताप मोजायची गन धरायचा, माझं कायम ३३ यायचं, तो रजिस्टरात लिहून "जावा साहेब" म्हणायचा. ३३ असलेल्या माणसाला खरं तर उचलून न्यायला पाहिजे.

खाडीपलीकडचा:
आमच्याकडे नियम गावाने केलेले. गणपतीला मुंबईहून येणाऱ्यांना आधी १४ दिवस क्वारंटाईन म्हणाले, मग १० वर आले. काका ईपास काढून आले नि थेट मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात. जेवण अंगणातल्या पाटावर ठेवायचं, हाक मारायची आणि लांब पळायचं. काका दार उघडून, मास्क लावून, चपला घालून येईपर्यंत मांजर तिथे हजर. श्रावण होता म्हणून बरं, बांगडा असता तर काका उपाशीच राहिले असते. काकांनी मांगरात बसून घरातल्या प्रत्येकाला फोनवरून कामं सांगितली ती वेगळीच, घरात असते तर एवढी सांगता आली नसती. यंदा येताना मांगरात फॅन लावून ठेवा म्हणालेत, म्हणजे बघा!

बॅच_२०२०:
दहावीचा भूगोल २३ मार्चला होता. आधी पुढे ढकलला, मग रद्दच, बाकीच्या विषयांच्या सरासरीने मार्क दिले. मी नद्यांचा नकाशा रोज काढत होतो यार. आता घरात कुठलाही रस्ता सांगितला की बाबा म्हणतात "तू गप, तुझा भूगोल सरासरीतला आहे".
नियम म्हणाल तर आईचा: ऑनलाइन लेक्चरला आंघोळ करूनच बसायचं. कॅमेरा बंद असला तरी.

संत्राबर्फी:
काय बावा, तुम्ही वर्षपूर्ती करून राहिले, इकडे नागपुरात १५ तारखेपासून परत लॉकडाऊन. मी तर म्हणतो आताच हसून घ्या, केसेस पाहून मला तरी लक्षण ठीक दिसत नाही.
पण बाबांचा किस्सा सांगतो. ते घरात काढ्याचे मुख्यमंत्री, सुंठ मिरे लवंग घालून असा करत की पिल्यावर कोरोना सोडा, माणसालाच घाम फुटे. १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तर साइट उघडेच ना, ओटीपी येईस्तोवर वेळ संपे. शेवटी नंबर लागला, बाबा लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट, सेंट लावून गेले. टोचल्यावर अर्धा तास बसवतात, तिथं बाजूच्या खुर्चीत शाळेतला दोस्त भेटला. मास्कमुळं ओळखलं नव्हतं, खोकल्यावरून ओळखलं म्हणे! दोघांनी दुसऱ्या डोसलाही एकाच दिवशी यायचं ठरवलं. आता आजच बातमी आली की कोविशील्डचा दुसरा डोस सहा ते आठ आठवड्यांनी घ्या. बाबा तेव्हापासून तोंड पाडून बसले, म्हणतात तोवर तो पोराकडे बंगलोरला निघून जाईन.