लायसन्स काढतानाचे किस्से (अनुभव धागा)

कोकमसरबत
परवा भाचीला अठरा पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने सोफ्यावर बसून लर्निंगची परीक्षा दिली. आधारवरून ओळख पटवायची, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ सक्तीने शेवटपर्यंत बघायचा (पुढे ढकलता येतो का ते तिने बघून घेतलं, नाही येत), मग पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. 2021 पासून महाराष्ट्रात हे घरबसल्या होतंय, मला पत्ताच नव्हता. मधेच आमची आई पोह्यांची बशी घेऊन आली आणि स्क्रीनवर सूचना झळकली की दुसरा चेहरा दिसतोय. आई बशीसकट मटकन खाली बसली आणि परीक्षा संपेपर्यंत तिथेच फरशीवर.

ते बघून माझं लायसन्स आठवलं. 1993, सातारा. मी सोळाची. पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालायची, पालकांची संमती असली की झालं. घरात सनी (बजाजची छोटी स्कूटर) घेतलेली. बाबांनी संमतीवर सही करायच्या आधी मला सनीचा प्लग काढून, पॉलिशपेपरने घासून परत बसवायला लावला. कायद्यात हे कुठेही नाही, ही बाबांची स्वतःची अट! मग मैदानात फक्कीने आखलेला आठ. साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. आठ काढून झाला तर म्हणाले, "उजवीकडे वळताना हात कसा दाखवशील?" दाखवला. "आणि डावीकडे?" डावीकडे वळतानाही उजवाच हात गोल फिरवायचा असतो हे मला ठाऊक होतं, कारण बाबा. बाहेर आल्यावर बाबांनी उसाचा रस पाजला.

तुमचेही किस्से येऊ द्या. लायसन्स, परीक्षा, कागदपत्रं, नूतनीकरण, परदेशातलं, काहीही चालेल.

थंडा_चहा
आजींना साष्टांग नमस्कार _/\_

मु_पो_माणदेश
आमच्याकडं आरटीओ म्हणजे कॅम्प. तालुक्याला रेस्ट हाऊसच्या आवारात ठरलेल्या तारखेला. सकाळी सातपासनं ट्रॅक्टर, बुलेट, एम एटी सगळी रांगंत. चहावाल्याचा वर्षाचा गल्ला त्या दिवशी.
अण्णा आमचे विसेक वर्षं ट्रॅक्टर चालवून मग लायसन्स काढायला गेले. पोरानं नाद लावला म्हणून, म्हणजे मीच. साहेब म्हणाले रिव्हर्स घ्या. अण्णांनी विचारलं ट्रॉली जोडून का बिनट्रॉलीचा. साहेब म्हणाले जोडून घेता येतो का? ज्यानं ट्रॉली रिव्हर्स घेतली आहे त्यालाच कळंल, स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. अण्णांनी दोन बाभळीच्या मधी नेऊन लावली. साहेबांनी पुढचं काही विचारलंच नाही.

वैताग_वाचक
माझं लायसन्स केवळ पत्त्याच्या पुराव्यासाठी काढलेलं आहे, हे इथे लिहायला हरकत नाही ना :) लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हा आधार नव्हतं, रेशनकार्डावर माहेरचं नाव. सासरे म्हणाले लायसन्स काढ, सगळीकडे चालतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, एच काढला, चढावर गाडी मागे न येऊ देता थांबवली, सगळं रीतसर. त्यानंतर गाडीला हात लावलेला नाही. बँकेत, गॅससाठी, सिमकार्डाला मात्र माझंच लायसन्स फिरलं. नवऱ्याचं त्याने हरवलं होतं.

नियमावर_बोट
धागा चांगला आहे पण काही गोष्टी स्पष्ट करतो, नाहीतर लोक सोळा वाचून मुलांच्या हातात चाव्या देतील.
सोळाची सवलत फक्त 50 सीसीपर्यंत, आणि तशी पेट्रोलची गाडी आता दुकानात मिळतच नाही. हल्ली शाळेच्या बाहेर जी पोरं दिसतात ती 110, 125 वर असतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पंचविशीपर्यंत! कॉलेज संपून नोकरी लागेपर्यंत बसने फिरा.
बॅटरीच्या ज्या गाड्यांना लायसन्स लागत नाही त्या 250 वॉटच्या आत आणि ताशी 25 किमीच्या आतल्या. दुकानदार सगळ्यांनाच "लायसन्स नको" म्हणून विकतो.

थंडा_चहा
बोटकाका आले, हेल्मेट घाला सगळे

नियमावर_बोट
हसा. लर्निंगवाल्याने मागे कोणाला बसवायचं नसतं हे तरी माहीत आहे का? फक्त शिकवणारा चालतो, आणि त्याच्याकडे पक्कं लायसन्स हवं.

थंडा_चहा
माझी सगळी प्रेमकहाणी बेकायदेशीर निघाली की राव

हिरवातांबडा
मला लाल-हिरव्यातला फरक कमी कळतो. शाळेत मी झाडाचं खोड हिरवं रंगवलं म्हणून चित्रकलेच्या बाईंनी वर्गाबाहेर काढलं होतं तेव्हा घरी समजलं.
लायसन्सच्या वेळी डॉक्टरांनी ते ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं. सगळ्यांना त्यात आकडा दिसतो, मला नुसते ठिपके. फॉर्मवर शेरा आणि विषय बंद. सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचं आणि खालचा लागला की निघायचं हे मी लहानपणापासून सायकलवर करतोय, पण ते सांगणार कोणाला. भाऊ, मित्र, नंतर बायको, सगळ्यांच्या मागे बसून फिरलो. मुलगी तिसरीत असताना म्हणाली, सगळ्यांचे बाबा गाडी चालवतात, आपल्याकडे आई का?
2020 मध्ये केंद्राने नियम बदलला. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असेल तर लायसन्स मिळतं, फक्त तीव्र असेल तर नाही. नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेतलं, मध्यम निघालं. चाळिशी ओलांडलेली असल्याने वैद्यकीय दाखला तसाही लागणारच होता. आता शाळेत सोडायला मी जातो. तिला आता त्याचं काही नाही, उशीर का केलास म्हणून भांडते.

कोकमसरबत
@हिरवातांबडा, वाचून फार बरं वाटलं. आणि त्या चित्रकलेच्या बाई!!

डॉ_सुट्टीवर
चाळिशीनंतरच्या दाखल्याचा विषय निघालाच आहे तर. तो फॉर्म 1अ. माझ्याकडे लोक येतात, दार अर्धं उघडून म्हणतात, "डॉक्टर, एक सहीच पाहिजे होती." बसा म्हटलं की चेहरा पडतो. तक्ता वाचा म्हटलं की "चष्मा घरी राहिला". अहो मग गाडी कोण चालवत आलं?
एक आजोबा मात्र लक्षात राहिले. तक्त्याच्या खालच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचलं. मला शंका आली म्हणून तक्ता बदलला. पहिल्या ओळीला अडकले. बाहेर बाकावर बसून पाठ केला होता. मोतीबिंदू काढून घ्या म्हटलं, घेतला, परत आले, दाखला दिला. आता रस्त्यात दिसले की हॉर्न वाजवून हात करतात.

स्कूटीवाली_नगरची
हसून हसून पुरेवाट. बाकावर बसून पाठ 😂
मुलाचा डबा भरते आहे, सविस्तर नंतर लिहिते

लेस्टरची_सून
इकडे इंग्लंडमध्ये भारतीय लायसन्सवर पहिले बारा महिने चालवता येतं. मग सगळं पहिल्यापासून. पुण्यात पंधरा वर्षं, तेही लक्ष्मी रोडला गाडी चालवलेल्या बाईला एल चा बोर्ड लावायला लागला, काय सांगू.
थिअरीला 50 पैकी 43 लागतात. त्याच्या जोडीला व्हिडिओ बघून धोका दिसला की क्लिक करायचं, 75 पैकी 44. मी पहिल्यांदा सराव केला तेव्हा सारखी क्लिक करत सुटले कारण मला सगळीकडे धोका दिसत होता. शिकवणारे गुजराती काका म्हणाले, बेन, इथे गाय येणार नाहीये.
प्रत्यक्ष परीक्षेआधी वीस मीटरवरच्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचा. नाही वाचता आला की तिथेच संपलं, गाडी सुरूपण करू देत नाहीत. छोट्या चुका पंधरापर्यंत माफ, मोठी एक झाली की नापास. आरशात बघायचं तर मान हलवून बघायचं, परीक्षकाला दिसलं पाहिजे! नुसते डोळे फिरवले तर त्याला कसं कळणार. इतकी मान हलवली की घरी येऊन शेक घेतला. पास झाले. हॉर्न एकदाही वाजवला नाही, याचा मला जास्त अभिमान आहे.

मु_पो_माणदेश
बिन हॉर्नची गाडी चालती का हो?

लेस्टरची_सून
चालते दादा. सुरुवातीला हात शिवशिवतो.

छोटाहत्ती_09
टेंपो चालवतो. कोल्हापूर. आमची दुखणी वेगळी आहेत.
खाजगी लायसन्स अठराला, पण धंद्याच्या गाडीला वीस पूर्ण लागतात आणि आधीचं एक वर्षाचं चारचाकीचं लायसन्स. पूर्वी आठवी पासची पण अट होती. माझा थोरला भाऊ सातवीतनं शाळा सोडलेला, गाडी माझ्यापेक्षा भारी चालवतो, पण ट्रान्सपोर्टचं लायसन्स नाही. मग काय, क्लीनर म्हणून कागदावर आणि स्टेअरिंगवर पण तोच. 2019 ला ती अट काढली तेव्हा पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला त्यानं.
दुसरं म्हणजे इन्शुरन्स. छोटा हत्तीचा अपघात झाला की कंपनी म्हणायची ड्रायव्हरकडं नुसतं एलएमव्ही (हलक्या गाडीचं लायसन्स) आहे, ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही, पैसे देत नाही. 2017 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं साडेसात हजार किलोच्या आतली गाडी असंल तर एलएमव्ही चालतं. तरी वाद संपेना. नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायाधीशांनी तेच परत सांगितलं. आमच्या स्टँडवर त्या दिवशी पेढे. कोर्टाच्या निकालावर पेढे वाटलेले स्टँड तुम्ही बघितलं नसंल.

नियमावर_बोट
@छोटाहत्ती_09 अगदी बरोबर माहिती. फक्त साडेसात टन हे रिकाम्या गाडीचं नव्हे, भरलेल्या गाडीचं एकूण वजन धरतात.

छोटाहत्ती_09
व्हय काका, माहीत आहे. आमची भरून पण तेवढी होत नाही. भरू नये तेवढी भरली तरी.

सुमन_कट्टा
माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू न येणारा. गाडी दुरुस्तीचं काम करतो, इंजिनावर तळहात ठेवून सांगतो कुठे बिघाड आहे. लायसन्सला जाऊ तिथे एकच उत्तर, "हॉर्न कसा ऐकणार?" 2016 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की ऐकू येत नाही एवढ्यावरून लायसन्स नाकारू नका. ते पत्र छापून घेऊन गेलो. आमच्या इथल्या कचेरीत (नाव लिहीत नाही) ते कोणी बघितलेलंच नव्हतं. खिडकीवरच्या माणसाने पत्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, हे तुम्हीच छापलंय ना? म्हटलं हो, छापलंय मीच, लिहिलंय दिल्लीने. साहेबांकडे गेलो. साहेबांनी मात्र स्वतः खाली येऊन चाचणी घेतली, सूचना कागदावर लिहून दिल्या. भावाने आठ असा काढला की रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्याला अर्थात कळलं नाही, मी हाताने सांगितलं.

स्कूटीवाली_नगरची
सुमनताई ❤️ डबा भरून झाला. आता माझं.
नवरा लष्करी शिस्तीचा, मला शिकवणार म्हणाला. पहिल्याच दिवशी क्लच सोड क्लच सोड ओरडून शेजारच्यांना गोळा केलं. दुसऱ्या दिवशी मी पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूल लावलं. तिथल्या मॅडम शांत. एकच वाक्य: "गाडीला घाई नसते." चाचणीला मी पास आणि नवरा, जो त्याच दिवशी दुचाकीचं काढायला आला होता, त्याने आठात पाय टेकवला. सात दिवसांनी परत बोलावलं. मी काही बोलले नाही. फक्त घरी जाताना गाडी मी चालवली.

थंडा_चहा
तीनदा नापास झाला असता तर साठ दिवस थांबावं लागतं. (बोटकाकांच्या आधी मी सांगितलं!)

नियमावर_बोट
शाबास.

वैताग_वाचक
माहिती हवी आहे. वरचं लिहिल्यावर लायसन्स काढून बघितलं तर मुदत मागच्या दिवाळीत संपली आहे. आता? छोटं पुस्तक आहे, कार्ड नाही.

नियमावर_बोट
ताई, मुदत संपून वर्ष व्हायच्या आत अर्ज करा म्हणजे चाचणी नाही. वर्ष उलटलं की परत चाचणी. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवस लायसन्स चालायचं, ती सवलत 2019 ला गेली. वय तीस ते पन्नासमध्ये असेल तर दहा वर्षं मिळतील, पंचावन्ननंतर पाचच. चाळीस झाली असतील तर डॉक्टरांचा दाखला. पुस्तक आहे म्हणजे आधी सारथीवर (लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर) नोंद आहे का बघा, नसेल तर बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची तिथे नोंद, करून घ्यावी लागेल, त्यासाठी मूळ पुस्तक घेऊन जावं लागतं.

वैताग_वाचक
काका खूप आभार. वय विचारू नका, डॉक्टरांचा दाखला लागेल एवढं सांगते.

डॉ_सुट्टीवर
या. चष्मा घेऊन या.

कोकमसरबत
ताई, एवढं नूतनीकरण करताय तर चालवा की. भाची म्हणते आहे महिना झाला की पक्क्याची तारीख घेणार, तोपर्यंत सोसायटीच्या आवारात तुम्हा दोघींची जोडी लावते.

वैताग_वाचक
नको गं बाई. लिफ्टसमोर नवीन कुंड्या ठेवल्या आहेत कालच.

पाटलांचा_नातू
इथे विचारू का, मुलगा ऑक्टोबरमध्ये जर्मनीला शिकायला चालला आहे. आंतरराष्ट्रीय परवाना काढावा का?

लेस्टरची_सून
काढा. माझी नणंद स्टुटगार्टला आहे. तिकडे राहायला गेल्यावर आपलं लायसन्स सहा महिनेच चालतं, पुढे थिअरी, प्रत्यक्ष, डोळे तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स. शिकवणीचे पैसे ऐकून तिने सायकल घेतली.

नियमावर_बोट
फॉर्म 4अ, पासपोर्ट, 1000 रुपये. एक वर्ष चालतो. सोबत मूळ लायसन्स न्यायचंच.

पाटलांचा_नातू
मूळ लायसन्स अजून काढायचं आहे त्याचं 🙈

थंडा_चहा
मग आज लर्निंग, तीस दिवसांनी पक्कं, गणपतीत चाचणीची तारीख मिळाली तर मिळाली. दादा, तुम्ही सायकलचंच बघा.

मु_पो_माणदेश
सायकलीला लायसन्स लागतंय का तिकडं?

नियमावर_बोट
नाही. पण दिवा लागतो.