मदत हवी आहे: हॅलोवीनच्या रात्री ४ ते १२ वर्षांच्या मुलांना एकत्र कोणते सिनेमे दाखवावेत?

एडिसनकर

नमस्कार मंडळी,

२०२६ च्या हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, शनिवार आहे. न्यू जर्सीत आमच्याकडे चार कुटुंबं जमणार आहेत. मुलं नऊ: दोन साडेचार वर्षांची, तीन सहा-सात वर्षांची, बाकीची नऊ ते बारा. शिवाय एक आजी आणि एक आजोबा. मुलं दारोदार कँडी गोळा करून साडेसातपर्यंत परततील, मग बेसमेंटमध्ये ६५ इंची टीव्हीवर सिनेमा. धाकटी मुलं सव्वादहाला घरी जातील, मोठी मुक्कामाला आहेत.

अडचणी अशा. मोठ्यांना खरंच भीती वाटेल असं काहीतरी हवंय. सहा वर्षांच्या एका मुलीला बाहुल्या आणि मुखवटे अजिबात बघवत नाहीत. आणि सात वर्षांच्या एका मुलाचे वडील गेल्या वर्षी गेले, त्यामुळे आई-बाबांच्या मृत्यूवर बेतलेली गोष्ट नको.

सध्याची यादी: कोरलाइन, मॉन्स्टर हाउस, कॅस्पर, होकस पोकस, हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया. सगळ्यांवर पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाने बघा) लिहिलंय, म्हणजे चालतील ना?

तिसरी घंटा

एडिसनकर, पीजीवर विसंबू नका. त्या दोन अक्षरांतून किती शिव्या, किती रक्त, किती उघडेपणा याचा साधारण अंदाज येतो. कोणत्या मुलाला कशाची भीती वाटेल हे त्यातून कळत नाही. भीतीही प्रत्येकाची वेगळी असते: कुणाला अचानक दचकवलेलं सोसत नाही, कुणाला चेहरा बदललेला, कुणाला आई हरवलेली. तुम्ही मुलांच्या भीती नीट लिहिल्यात, त्यामुळे निवड करता येईल. तुमची यादी एकेक करून बघू.

कोरलाइन (२००९, १०० मिनिटं): त्या सहा वर्षांच्या मुलीसमोर मुळीच लावू नका. श्रेयनामावलीतच सुयांसारख्या बोटांचे हात एका बाहुलीची शिवण उसवतात, डोळे काढतात आणि नवी बाहुली शिवतात. पुढे बटणांच्या डोळ्यांची 'दुसरी आई', तोंड शिवून हसरं केलेला मुलगा, आणि शेवटी ती आई कोळ्यासारखी होते. खरे आई-बाबा पळवले जातात, म्हणजे त्या मुलासाठीही नको.

कॅस्पर (१९९५): दिसायला गोंडस, पण गोष्ट आई गमावलेल्या मुलीची, तिच्या आईच्या आत्म्याला शोधत फिरणाऱ्या बापाची आणि आजारी पडून गेलेल्या एका लहान मुलाची. मधेच बापही काही काळ भूत होतो. तुमच्या घरात नको.

हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया (२०१२, ९१ मिनिटं): भीती जवळपास नाही, विनोद भरपूर. पण ड्रॅक्युलाच्या बायकोला जमावाने मारलं ही त्याची मूळ जखम आहे आणि मुलीला आईची आठवण येते. त्या मुलाच्या आईला आधी विचारा, आपण ठरवू नका.

होकस पोकस (१९९३, ९६ मिनिटं): नाच-गाणी, सेलम गाव, तीन चेटकिणी, सगळं मजेशीर. पण पहिल्या दहा मिनिटांतच चेटकिणी एका लहान मुलीचा प्राण शोषून घेतात आणि मग त्यांना फाशी होते. पुढे मांजर बसखाली येतं (पुन्हा फुगून उठतं, पण साडेचार वर्षांच्या मुलाला तेवढा धीर नसतो). शिवाय कौमार्याचा उल्लेख कथेत वारंवार आहे. 'म्हणजे काय?' हा प्रश्न आठ वर्षांचं मूल हमखास विचारतं, उत्तर तयार ठेवा.

मॉन्स्टर हाउस (२००६, ९१ मिनिटं): यादीतला सर्वांत फसवा. पोस्टरवरून धमाल वाटतो, पण सुरुवातीलाच म्हातारा शेजारी एका मुलाच्या अंगावर कोसळतो, आणि तळघरात सिमेंटमध्ये गाडलं गेलेलं प्रेत सापडतं. नऊच्या पुढच्यांना उत्तम, त्याखाली नको.

माझा सल्ला: सगळ्यांसाठी एकच सिनेमा शोधत बसू नका, रात्रीचे दोन भाग करा.

पावणेआठला 'इट्स द ग्रेट पंपकिन, चार्ली ब्राउन'. १९६६ चा, २५ मिनिटांचा. भूत नाही, भोपळ्याच्या मळ्यात रात्रभर वाट बघणारा लायनस आहे. कँडीऐवजी चार्ली ब्राउनला दगड मिळतात, त्याचं काही मुलांना फार वाईट वाटतं, एवढंच. पाठोपाठ डिस्नेचा 'द स्केलेटन डान्स' (१९२९), साडेपाच मिनिटं, कृष्णधवल, चार सांगाडे स्मशानात नाचतात. एकही शब्द नाही, आजी-आजोबांनाही आवडेल.

दहा मिनिटं मध्यंतर, मग साडेआठला 'वॉलेस अँड ग्रॉमिट: द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' (२००५). अमेरिकेत जी (सर्व वयांसाठी) प्रमाणपत्र, ८५ मिनिटं, म्हणजे नऊ पंचावन्नला संपतो. पौर्णिमेला भाज्या फस्त करणारा राक्षसी ससा, रात्रीचं चर्च, धुकं, भयपटाचं सगळं साहित्य आहे आणि कुणी मरत नाही. दोन जागा सांगून ठेवा: चंद्रप्रकाशात वॉलेसचे हात फुगून तो बदलतो तेव्हा, आणि शेवटी तो निपचित पडतो तेव्हा. चीजच्या वासाने तो उठतो, हे त्या सात वर्षांच्या मुलाला सिनेमा सुरू होण्याआधीच सांगा. शेवट फुटला तरी मजा कमी होत नाही.

धाकटे गेले की मोठ्यांना 'पॅरानॉर्मन' (२०१२, ९२ मिनिटं). त्यात झोंबी आहेत, पण खरी भीती आणि खरं दुःख शेवटच्या वीस मिनिटांत आहे. गावाने जिला चेटकीण ठरवून मारलं ती कोण होती, हे कळल्यावर बारा वर्षांची मुलं गप्प होतात. सिनेमानंतर त्यांच्याशी बोलायला कुणीतरी मोठं माणूस जागं असू द्या.

जागरण

+१. फक्त एक भर. 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' (१९९३) अवघा ७६ मिनिटांचा आहे आणि गाण्यांमुळे सहा-सातची मुलं रमतात. पण शेवटी ऊगी बूगी या पोत्यासारख्या खलनायकाची शिवण उसवते आणि आतून किड्यांचा ढीग बाहेर पडतो. किड्यांची किळस असलेलं मूल असेल तर टाळा. शिवाय सांताला पळवून नेतात. सांतावर विश्वास असणारी पोरं त्यावरून रात्रभर प्रश्न विचारतात.

आणि एक, सिनेमाआधी सगळ्यांचे मुखवटे काढून वरच्या मजल्यावर ठेवा. पडद्यावर काही नसताना मागे बसलेला दादा सांगाड्याचा चेहरा घालून खांद्यावर हात ठेवतो, तिथे सगळं फसतं.

खटका

सिनेमा निवडला, आता टीव्हीकडे बघा. हॅलोवीनचे निम्मे सिनेमे मातीचे किंवा बाहुल्यांचे असतात आणि टीव्ही त्यांची वाट लावतो.

स्टॉप-मोशनमध्ये बाहुली हलवून एकेक चौकट टिपतात. सेकंदाला २४ चौकटी, त्यातही बऱ्याचदा दोन चौकटींना एकच मुद्रा. त्या हालचालीत जी किंचित थरथर असते तीच तिची जान. टीव्हीतली 'हालचाल गुळगुळीत करणारी' सोय मधल्या चौकटी स्वतःच तयार करून भरते, मग बाहुल्या तेलावर घसरल्यासारख्या दिसतात आणि कडा फाटतात. एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' या नावाने ती सापडेल. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप होतं.

दुसरं, वीजबचत किंवा खोलीच्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारी सोयही बंद करा. बेसमेंट अंधारं असलं की टीव्ही स्वतःहून मंद होतो आणि रात्रीच्या प्रसंगात काहीच दिसत नाही. मग मुलं पडद्याच्या जवळ सरकतात आणि नेमकी तिथेच दचकतात.

तिसरं, आवाज. संवाद हळू, किंकाळी मोठी, म्हणून रिमोट हातात धरून बसावं लागतं. साउंडबारचा 'नाइट मोड' लावा, त्याने हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं. लहान मुलं चित्रापेक्षा आवाजाला जास्त घाबरतात, त्यामुळे ही एक गोष्ट केलीत तरी अर्धं काम झालं.

खोली पूर्ण काळोखी ठेवू नका. टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा ठेवा. पडद्यावर झळाळी येत नाही आणि मुलाला आईचा चेहरा दिसत राहतो. जिन्याचा दिवाही चालू ठेवा, कारण घाबरलेलं मूल आधी जिन्याकडे पळतं.

पारावरचा

खाऊचं कुणी बोललं नाही म्हणून: चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न, कडक गोल गोळ्या आणि अख्खे दाणे देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तुमची दोघं साडेचारची, म्हणजे सीमारेषेवरच. अंधारात दचकून श्वास आत ओढला की घास अडकतो. त्यांना चिवड्यातले दाणे निवडून द्या आणि गोळ्या उजेडात, बसून.

आजी-आजोबांसाठी 'झपाटलेला' (१९९३) सुचवणार होतो. तात्या विंचूची बाहुली रामदास पाध्ये यांची, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं काम आजही पोट दुखेस्तोवर हसवतं. पण बाहुलीला घाबरणारी मुलगी घरात असताना तो लावायचा नाही, अगदी वरच्या खोलीतसुद्धा नाही. वेगळ्या दिवशी बघा. त्या रात्री त्यांच्यासाठी 'ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन' (१९४८, ८३ मिनिटं) चांगला. त्यात जुन्या 'ड्रॅक्युला' सिनेमातला बेला लुगोसी स्वतः ड्रॅक्युला आहे. राक्षस गंभीर आणि विदूषक दोघे, म्हणून भीती आणि हसू एकमेकांना मारत नाहीत.

एडिसनकर

खूप आभार. 'ग्रेट पंपकिन', 'स्केलेटन डान्स', 'वेअर-रॅबिट' नक्की केलं. मोठ्यांपैकी एकाने 'ग्रेमलिन्स'चा हट्ट धरलाय, तोही पीजीच. शिवाय महाराष्ट्र मंडळातल्या एकांनी सुचवलं की हेच पुढच्या वर्षी हॉल घेऊन सगळ्यांसाठी करू. जमेल का?

तिसरी घंटा

'ग्रेमलिन्स' जून १९८४ चा. त्या वेळी पीजीच्या वर थेट आर (लहानांनी मोठ्यांसोबतच बघायचं) होतं. तो आणि त्याच उन्हाळ्यातला 'इंडियाना जोन्स'चा दुसरा भाग यांवरून पालकांची ओरड झाली आणि जुलै १९८४ पासून मधली पायरी म्हणून पीजी-१३ (तेराखालच्यांच्या पालकांना सावध करणारं) आलं. म्हणून १९८४ च्या आधीचं आणि त्या वर्षीचं पीजी आजच्या पीजीसारखं धरू नका. 'पोल्टरगाइस्ट' (१९८२) पीजीच आहे आणि त्यात एक माणूस आरशासमोर स्वतःच्या चेहऱ्याचं मांस ओरबाडतो. 'ग्रेमलिन्स'मध्ये स्वयंपाकघरात छोटे राक्षस मिक्सर-मायक्रोवेव्हमध्ये मारण्याचा प्रसंग आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे एक मुलगी आपले वडील चिमणीत अडकून कसे गेले ते सांगते आणि सांता खोटा असल्याचंही बोलून जाते. बारा वर्षांच्यांना चालेल, मात्र त्या सात वर्षांच्या मुलाने घर सोडल्यावरच. नऊ वर्षांच्यांना नको.

हॉलचं: घरात ओळखीची मंडळी जमवून बघायला अडचण नाही. हॉल घेऊन सर्वांना बोलावलंत की तिकीट नसलं तरी ते जाहीर प्रदर्शन ठरतं आणि त्याचा परवाना लागतो. घरच्या स्ट्रीमिंग खात्यावरून ते करता येत नाही. स्वँक मोशन पिक्चर्ससारख्या कंपन्या असे परवाने देतात. निदान महिना-दीड महिना आधी विचारा. 'द स्केलेटन डान्स' मात्र १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत स्वामित्वहक्कमुक्त आहे, तो हॉलमध्येही दाखवता येईल.

जागरण

स्ट्रीमिंगवरचे सिनेमे महिन्याच्या शेवटी उतरवले जातात आणि तुमची रात्र नेमकी ३१ तारखेची. आदल्या आठवड्यात प्रत्येक सिनेमा लावून पाहा. 'ग्रेट पंपकिन' ॲपलच्या सेवेवर असतो. बाकीच्यांच्या डीव्हीडी गावच्या लायब्ररीत मिळतात, पण ऑक्टोबरमध्ये रांग लागते, सप्टेंबरअखेरीलाच नाव लावा. प्रसंगवार माहिती हवी असेल तर 'कॉमन सेन्स मीडिया' आणि 'डझ द डॉग डाय' या साइट्स बघा. दुसरीवर 'पालकाचा मृत्यू होतो का' इतकं नेमकं शोधता येतं.

मधेच एखादं मूल घाबरलं तर घाबरवणाऱ्या चित्रावरच बंद करू नका, तेच चित्र डोक्यात राहतं. आवाज शून्य करा, मुलाला मांडीवर घ्या, पुढे काय होतं ते तोंडी सांगा आणि संकट टळेपर्यंत नेऊन मग थांबवा. 'वेअर-रॅबिट'मध्ये तर मातीवर कलाकारांच्या बोटांचे ठसे दिसतात, ते दाखवा. हे कुणीतरी हातांनी बनवलंय हे समजलं की बरीच मुलं परत येऊन बसतात.

आणि त्या रात्री दोन वाजता घड्याळ एक तास मागे जातं. मोठ्यांचा 'पॅरानॉर्मन' साडेअकराच्या पुढे गेला तरी झोपेचा तो तास परत मिळतो, धाकटे मात्र सकाळी नेहमीपेक्षा एक तास आधीच उठून बसतील.