आरोग्यसेवा सगळ्यांना सारखी म्हणजे नक्की कशी? (सोलापूर)

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. राज्य सरकारची मोफत उपचारांची जीवनदायी योजना 2012 ला सुरू झाली तेव्हा पहिल्या 8 जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं, मग तिचंच नाव महात्मा फुले झालं, 2018 ला केंद्राची आयुष्मान भारत आली, आता तर रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो 5 लाखांपर्यंत उपचार मोफत. कागदावर सगळे एका रांगेत. पण आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या मावश्या शुगरच्या गोळ्या अजून मेडिकलमधून उधारीवर आणतात. मग ह्याला न्याय म्हणायचं का?

बार्शी_रोड
अहो कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर. रोजच्या गोळ्या, साधी तपासणी त्यात धरतच नाहीत, म्हणजे हार्टचं ऑपरेशन फुकट आणि बीपीची गोळी विकत, आणि ती गोळी परवडत नाही म्हणून बंद केली की मग ऑपरेशनची पाळी येते. थायलंडनं 2002 ला सगळ्यांसाठी आरोग्य योजना काढली त्यात ओपीडी पण घेतली.

करमाळ्याचा_पोरगा
5 लाख सगळ्यांना सारखे, पण आमच्याकडून पेशंट सोलापुरात आणायचा तर गाडीभाडं, सोबत्याची बुडालेली मजुरी, वर दोन वेळचं जेवण, हे कोण धरतं? वडिलांना कार्ड घेऊन एका खाजगी दवाखान्यात नेलं तर "हे पॅकेजमध्ये बसत नाही" म्हणाले आणि आधी डिपॉझिट भरायला लावलं.

सिस्टर_सोलापूर
दादा, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, आधी त्याला गाठायचं आणि नाही म्हणाले तर लेखी मागायचं. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये हे देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीनं 1946 लाच लिहून ठेवलंय. मला विचाराल तर ज्याची गरज जास्त त्याला आधी आणि जास्त मिळालं पाहिजे, सगळ्यांना एकाच मापानं देऊन भागत नाही.

पूर्वभागकर
पटलं ताई. मावश्यांचं बघा, सकाळी विड्या जमा करून नवीन पान-तंबाखू आणायला कारखान्यात जावं लागतं आणि ओपीडी पण नेमकी त्याच वेळेला, दवाखान्यात गेलं की त्या दिवसाची मजुरी गेली. संध्याकाळी ओपीडी चालू ठेवा आणि महिन्याच्या गोळ्या एकदम द्या, एवढ्या दोनच मागण्यांचं निवेदन महापालिकेत देतोय. सहीला कोण कोण येतंय?