राजकोटची गांधीजींची शाळा संग्रहालय झाली, हे बरं झालं का?

मधली सुट्टी:
ज्या हायस्कुलातून गांधीजी १८८७ साली मॅट्रिक झाले, ते राजकोटचं आल्फ्रेड हायस्कूल २०१७ मध्ये बंद झालं. पट घटला, निकाल खालावला, उरलेल्या मुलांच्या हातात दाखले दिले. ३० सप्टेंबर २०१८ ला तिथे गांधी संग्रहालयाचं उद्घाटन झालं. मला हे अजून पटत नाही. शाळा १८५३ ची, इमारत १८७५ ची, जुनागढच्या नवाबांनी बांधून दिलेली. खुद्द गांधीजींना मॅट्रिकला ६२५ पैकी २४७.५ गुण होते, म्हणजे चाळीस टक्केही नाहीत. निकाल लागत नाही म्हणून मुलांनी तिथून उठायचं? त्या बाकांवर पहिला हक्क अशाच मुलांचा होता.

उंबरठा:
त्या मुलांच्या आईवडिलांच्या जागी उभे राहून बघा. शिकवणं नीट होत नसेल, तर मोठ्या माणसाचं नाव आहे म्हणून कुणी आपलं पोर तिथे ठेवेल का? आणि जुन्या दगडी इमारतीचं छप्पर गळायला लागलं की शाळा खाली बादली ठेवते. संग्रहालय झालं की दुरुस्तीला पैसे निघतात. हे वाईट आहे, पण असंच आहे.

मधली सुट्टी:
मग शिकवणं सुधारायचं होतं. हायस्कूलच्या पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले, मोहनदासचं 'केटल'चं स्पेलिंग चुकलं. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजारच्याच्या पाटीत बघ म्हणून. त्याने बघितलं नाही. ही गोष्ट आता तिथे पाहुण्यांना सांगायची, आणि परीक्षेला बसणारं मूल मात्र एकही नाही!

खडूचा डबा:
दोन्ही जमतं की. अमेरिकेतलं लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल १९२७ चं. १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना आत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना सैन्य पाठवावं लागलं, ती हीच शाळा. १९९८ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, तरी वर्ग भरतात. इतिहास सांगणारं केंद्र रस्त्यापलीकडे, वेगळ्या इमारतीत.

उंबरठा:
तिथे शाळा जोरात चालू होती, म्हणून तसं करता आलं. राजकोटात पटच उरला नव्हता. आज निदान कुठल्याही गावचं मूल आत जाऊन त्या वर्गात उभं राहू शकतं. भरत्या शाळेत बाहेरच्याला कोण जाऊ देतं?

मधली सुट्टी:
उभं राहून बघणं वेगळं, रोज दप्तर घेऊन येणं वेगळं. निदान दोन खोल्या तरी संध्याकाळी अभ्यासिकेला द्याव्यात, ज्यांच्या घरी बसायला जागा नाही त्या मुलांसाठी.

उंबरठा:
त्याला माझी काहीच हरकत नाही, उलट मीही हेच मागेन. फक्त एवढं मान्य करा, की अभ्यासिका मागायला ती इमारत धड उभी असावी लागते, आणि ती संग्रहालयामुळे उभी आहे.