मदत हवी आहे: कोड बरोबर असूनही लॉकर उघडत नाही, त्यात दिवे गेले

रात्रपाळी
कोणीतरी लवकर सांगा. कोड टाकतोय, लॉकर उघडत नाही. तिन्ही आकडे बरोबर आहेत, परत परत तपासले. तेवढ्यात दिवे गेले. जनरेटरमध्ये घालायला थेंब नाही आणि ते भिंतीतलं जनावर सारखं येतंय. सगळं पहिल्यापासून सुरू करू का? उद्या ऑफिस आहे, प्लीज आजच सांगा.

चिंचोका
गेम कुठला ते लिहा की राव. जनरेटर आणि जनावर निम्म्या हॉरर गेममध्ये असतं.

रात्रपाळी
ॲम्नेशिया द बंकर. अजून कुठला असणार?

तळघर
लॉकर कुठल्या भागातला? वर कोणाचं नाव आहे? डिफिकल्टी कुठली? आणि कोड मिळाला कुठून?

कोकणकडा
माझाही लॅपटॉप असाच अडकायचा. ग्राफिक्स ड्रायव्हर नवीन टाका, पंख्यातली धूळ काढा. मी थर्मल पेस्ट बदलून घेतल्यावर लोण्यासारखा चालायला लागला.

चिंचोका
काका, गेम अडकला नाहीये. ते गेममध्ये अडकलेत.

कोकणकडा
तरीही ग्राफिक्स कार्ड कुठलं ते लिहायला काय हरकत आहे?

रात्रपाळी
सोल्जर्स क्वार्टर्स. नॉर्मल. कोड यूट्यूबवरचा आहे. त्या माणसाचं लॉकर याच आकड्यांनी उघडलं, डोळ्यांनी बघितलंय. माझ्या कॉपीतच काहीतरी बग आहे.

तळघर
बग नाही. प्रत्येक नव्या खेळात कोड बदलतात आणि बऱ्याच वस्तूंच्या जागाही बदलतात. त्याचा कोड त्याच्यापुरता. तो व्हिडिओ आधी बंद करा.
बंकरभर मेलेले सैनिक पडलेत, त्यांच्याजवळ ओळखपट्ट्या सापडतात. पट्टी हातात घेऊन उलटी करा. पुढे नाव, मागे तीन आकडे. त्याच नावाचं लॉकर शोधा आणि ते आकडे लावा. दुसऱ्याच्या लॉकरला चालणार नाहीत.

गनिमीकावा
एवढी शोधाशोध कशाला? पिस्तूल आहे ना? कुलपावर गोळी घाला, विषय संपला.

तळघर
साखळीच्या कुलपाला चालतं. हे आकड्यांचं लॉकर आहे. शिवाय गोळीच्या आवाजाने ते जनावर बिळातून बाहेर येणार आणि परतवायला हातात गोळी उरणार नाही. नव्या माणसाला असले सल्ले देऊ नका.

गनिमीकावा
मी पूर्ण केलाय गेम, त्यामुळे बोलतोय. आणि जनरेटरचं म्हणाल तर फ्युएलच्या मागे लागूच नका. अंधारात जायचं, वाकून चालायचं, पळायचं नाही. ते आवाजावर येतं, उजेडावर नाही.

तळघर
अर्धवट माहिती. दिवे गेले की ते जास्त वेळा बाहेर पडतं. आणि अंधारात दिसणार कसं? टॉर्च डायनॅमोवर चालते, दोरी ओढावी लागते. त्या घर्रर्र घर्रर्र आवाजाने तुम्ही स्वतःच त्याला आवतण देता. हा गेम बनवणाऱ्यांनी केलेला सगळ्यात दुष्ट प्रकार तोच. उजेड हवा तर आवाज कर, आवाज नको तर आंधळा हो. फ्रिक्शनल गेम्सचा २०१० चा पहिला ॲम्नेशिया मी खेळलोय. त्यात अंधाराने नुसती मती फिरायची. हातात टॉर्च असूनही ती चालवायची भीती वाटावी, हे इथेच.

रात्रपाळी, तुमच्यासाठी: ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या सुरक्षित खोलीत कंदिलापाशी सेव्ह करा, नको ते सामान तिथल्या पेटीत टाका आणि रिकाम्या हातांनी एकच भाग धुंडाळायला जा. फ्युएल मिळालं तरी लगेच ओतू नका. आधी कुठे जायचं ते नकाशावर ठरवा, मग ओता, स्टॉपवॉचवर नजर ठेवा आणि वेळ संपायच्या आत परत या. दिवे लावून नकाशासमोर विचार करत बसणं म्हणजे उधळपट्टी.

वेरुळ१९
अवांतर: गेम पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच बंकरमधला आहे, म्हणून लिहितो. फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळ डूओमाँ नावाचा खराखुरा किल्ला आहे. फेब्रुवारी १९१६ मध्ये जर्मनांनी तो जवळजवळ न लढता घेतला. ८ मे १९१६ ला आत दारूगोळ्याचा भयंकर स्फोट झाला. मेलेल्यांपैकी ६७९ जर्मन सैनिकांना आतच एका बोगद्यात ठेवून पुढे भिंत बांधली. ते अजून तिथेच आहेत. ऑक्टोबरमध्ये फ्रेंचांनी किल्ला परत घेतला.

चिंचोका
हे रात्री वाचायला नको होतं.

वणीकर
वडील कोळसा खाणीत मायनिंग सरदार, म्हणजे खालच्या माणसांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारे, होते. खाली माणसाला एकट्याला सोडायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी छत ठोकून बघायचं, गॅस तपासायचा, मगच माणसं आत. कॅप लॅम्प मंद झाला की लगेच मागे फिरायचं. मुलाने हा गेम दाखवला तर म्हणाले, जनावराचं सोड, याला एकट्याला आत पाठवणारा आधी सस्पेंड करा.

गनिमीकावा
अहो पण त्याला कामावर पाठवलेलं नाही. तो जखमी सैनिक आहे, शुद्धीवर येतो तर बाहेरची वाट बंद. सुरुंग आणि डिटोनेटरचं हँडल मिळवून वाट उडवायची, एवढंच काम. आणि ते जनावर खरं तर कोण आहे माहितीये का? तो त्याचाच

तळघर
पुढे लिहू नका! माणूस खेळतोय अजून.

चिंचोका
एंटर आधी दाबलं गेलं म्हणून वाचलो.

रात्रपाळी
उघडलं!! पट्टीमागे आकडे होते. आत फ्युएलचा कॅन निघाला, दिवे आले. आता पुढे वाटेत एक प्रेत आहे, त्यावर उंदीर बसलेत. जवळ गेलं की चावतात, हलत नाहीत. काय करू?

गनिमीकावा
गोळी घाला.

तळघर
उंदरांवर गोळी? काठी आणि कापड जोडून मशाल करा, पेटवून पुढे धरा, मागे सरतात. मांसाचा तुकडा सापडला असेल तर लांब फेका, तिकडे धावतील. आणि अंगावर जखम असेल तर आधी बँडेज बांधा. रक्त गळत त्यांच्याजवळ जाऊ नका.

रात्रपाळी
कापड नाहीये माझ्याकडे.

तळघर
पेटीत?

रात्रपाळी
कुठली पेटी?