'जिप्सी' लिहू की 'रोमा'? आणि 'मिश्तो' म्हणजे काय?

गोगोल बोर्देलो या न्यूयॉर्कच्या बँडचा 'जिप्सी पंक्स: अंडरडॉग वर्ल्ड स्ट्राइक' (२००५) हा अल्बम महिनाभर रोज ऐकते आहे. आमच्या वाचनकट्ट्याच्या अंकासाठी त्यावर मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यात अडले. गायक युजीन हुट्झ मूळ युक्रेनचा, रोमा वंशाचा (मुळात भारतातून गेलेल्या, युरोपभर पसरलेल्या समाजाचा) वारसा सांगणारा. चेर्नोबिलच्या स्फोटानंतर त्याच्या घरच्यांनी गाव सोडलं आणि पोलंड, हंगेरी, ऑस्ट्रिया, इटली करत ते अमेरिकेत पोचले. गाण्यांत व्हायोलिन नि अॅकॉर्डियन गिटारच्या खांद्याला खांदा लावून धावतात. ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीचं, फार सफाई न करता थेट वाजवलेलं टिपणाऱ्याचं, त्यामुळे सगळे आपल्याच खोलीत वाजवताहेत असं वाटतं. तर या संगीताला 'जिप्सी पंक' म्हणू की 'रोमा पंक'? आणि 'मिश्तो!' या गाण्याच्या नावाचा अर्थ काय?

•

'जिप्सी' आपल्याकडे फार वेगळ्या वाटेने रुजलाय. पाडगावकरांच्या 'जिप्सी' या संग्रहामुळे तो मनस्वी भटक्याचा शब्द झाला. ताडोब्यात तर "आमची जिप्सी सहा जणांची आहे" म्हणजे सफारीची गाडी! इंग्रजीत मात्र तो 'इजिप्तवरून आलेले' या गैरसमजातून पडला आणि पुढे शिवीसारखा वापरला गेला. अल्बमचं नाव आहे तसंच ठेवा, कारण ते त्यांनी स्वतः निवडलंय. पण लोकांविषयी लिहिताना 'रोमा'च लिहा. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेत त्यांनी हेच नाव आपलं म्हणून धरलं.

•

दादांशी सहमत. फक्त 'रोमन' होऊ देऊ नका, मुद्रितशोधनात हमखास होतं. रोम शहराशी किंवा रोमानियाशी या शब्दाचं नातं नाही. एक पुरुष तो 'रोम', अनेक ते 'रोमा'. हा शब्द 'डोम' किंवा 'डोंब' याच्यातून आला, असं बहुतेक भाषाअभ्यासक मानतात. 'ड'चा तिकडे 'र' झाला. आर्मेनियात अशाच एका समाजाचं नाव 'लोम', पश्चिम आशियात 'दोम'. आपला 'डोंबारी' त्याच घरातला.

ताई, मिश्तो हा रोमांच्या भाषेतला शब्द, म्हणजे 'छान', 'मस्त'. 'मिष्ट' किंवा 'मृष्ट' या संस्कृत शब्दांशी तो जोडला जातो, म्हणजे आपल्या मिष्टान्नातला मिष्ट! रोमानियात तरुण पोरं हा शब्द सर्रास वापरतात, आणि तो जर्मन 'मिट श्टॉक' (काठीसह) वरून आला अशी दंतकथाही सांगतात. तिच्यावर विश्वास ठेवू नका.

या भाषेवर माझा जीव आहे म्हणून थोडं आणखी. तिचं नाव 'रोमानी छिब'. छिब म्हणजे जीभ. 'जीभ'मधला महाप्राण ('भ'मधला 'ह'सारखा श्वास) उडी मारून पुढे आला आणि घोष ('ज'मधला गळ्यातला नाद) गेला, म्हणून 'छिब'. हेच 'दूध'चं झालं, ते 'थुद' म्हणतात. घर म्हणजे 'खेर'. ज्या 'घर्म'पासून आपला घाम आला, त्याच्यापासून त्यांचा 'खाम', आणि त्याचा अर्थ सूर्य! मिठाला 'लोन' म्हणतात. आपण मीठ म्हणतो खरं, पण बरणीत लोणचं आहेच की.

•

म्हणजे आपले बंजारे आणि हे एकच ना?

•

नाही काका, हे फार ठिकाणी छापलं जातं पण भाषा तसं सांगत नाही. बंजाऱ्यांची लमाणी बोली राजस्थानीच्या जवळची आहे. रोमानी सुमारे हजार वर्षांपूर्वीच भारताबाहेर पडलेली, आणि वाटेत फारसी, आर्मेनियन, ग्रीक असं बरंच काही घेऊन गेलेली. आकडे पाहा: येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज, शोव इथवर घरचे, पुढचे एफ्ता, ओख्तो, एन्या ग्रीक, मग देश म्हणजे पुन्हा आपले दहा. शिवाय रोमानीत नपुंसकलिंग नाही. आपण 'ते पाणी' म्हणतो, तिकडे 'पानी' हिंदीसारखं पुल्लिंगी. नपुंसकलिंग गेल्यावरच ते लोक निघाले असावेत, हा काळ ठरवण्यातला एक मोठा पुरावा आहे. दोन्ही समाज भटके एवढ्यावरून दोघांना एक करणं म्हणजे दोघांचाही इतिहास पुसणं.

•

'पंक'बद्दल एक. मराठीत नुसतं 'पंक' लिहिलं की डोळ्यांपुढे 'पंकज'मधला पंक येतो, म्हणजे चिखल. इंग्रजी शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे पहिल्या उल्लेखात तरी 'पंक रॉक' (वेगवान, बंडखोर रॉक संगीत) असं पूर्ण लिहावं. आणि अॅकॉर्डियनला 'पेटी' म्हणू नका. पेटी मांडीशी घेऊन बसून वाजते, हे वाद्य गळ्यात अडकवून नाचता येतं, आणि इथे नाचणंच महत्त्वाचं.

•

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलंय: "रोमा लोकसंगीत आणि पंक रॉक यांची सांगड घालणारा हा अल्बम". 'अंडरडॉग वर्ल्ड स्ट्राइक'साठी कंसात 'दबलेल्यांचा जागतिक संप' चालेल का? 'वंचितांचा' लिहिलं होतं, पण त्या शब्दाला आता आपल्याकडे पक्षाचं नाव चिकटलंय.

•

'दबलेल्यांचा' चांगला. 'स्ट्राइक'मध्ये तडाखाही आहे, तो 'संपा'त येत नाही, पण दोन्ही पेलणारा एक मराठी शब्द मला तरी सुचत नाही. आणि 'मिश्तो' पुढचं उद्गारचिन्ह तेवढं राहू दे, मूळ नावातच आहे.